तट्ट्याआडची तालीम

मामाजींनी मला पडताना कधी पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, बोलायचं नाही, ते ओसरीवर असले तर आपण आत राहायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. लग्नानंतर ते आपोआप अंगात येतं. मी तर आधीच बुजरी. चौथीपर्यंत शाळेत गेले तेव्हाही खेळाच्या तासाला भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. त्यामुळे ज्यांनी मला पडायला शिकवलं त्यांचा चेहरासुद्धा मी त्या दिवसांत नीट पाहिलेला नव्हता. दारात काढून ठेवलेल्या वहाणा, खाकरणं आणि आखाड्याच्या मातीचा ताक-तेलाचा वास, एवढेच मामाजी मला माहीत होते.

आमचं गाव नागभीडच्या बाजूचं, धानाचं. मामाजी तरुणपणी पैलवान होते. आता केस पिकले होते, पण मारुतीच्या देवळामागचा आखाडा तेच सांभाळायचे. सकाळी माती उकरायची, पोरांना डाव दाखवायचे आणि मग शेतावर जायचं. आमचे हे नागभीडच्या स्टेशनावर लाकडाच्या वॅगनी भरायला जात आणि बाजाराच्या दिवशी घरी येत. म्हणजे घरात आम्ही तिघंच. मी, मामी आणि मामाजी. मामी म्हणजे माझी सासू.

लग्नानंतरच्या पहिल्याच रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, माझा हात मोडला. दोन्ही हातांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंड्या घेऊन मी धुऱ्यावरून चालले होते. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, भाताच्या दोन खाचरांमधला, मातीचा उंचवटा, जेमतेम एक पाऊल मावेल एवढा. पावसात तो साबणासारखा होतो. पाय निसटला. पऱ्हे अंगाखाली चेंगरू नयेत म्हणून मी पेंडी सोडली नाही. पेंडीसकट मूठ जमिनीवर टेकली आणि सगळा भार मनगटावर आला. पेंडी शाबूत राहिली. तिचं धान त्या वर्षी आम्ही खाल्लंही असेल. मनगट मात्र बांबूच्या कामट्या बांधून बसवलं तरी थोडं वाकडंच बसलं.

दुखणं गेलं, पण माझं चालणं बिघडलं. ओल्या जागी पाय टाकायच्या आधी मी थांबायची. गुडघे ताठ व्हायचे. ताठ झाले की आणखी घसरायची. विहिरीवर बायका म्हणायच्या, "काऊन वो, डोक्यावर देव घेऊन चालून राह्यली काय?" मी हसायची आणि भिंत धरून पुढे जायची.

पुढे मला मुलगी झाली. थंडीतली. आणि खरी गोष्ट अशी की तिला कडेवर घेऊन मी घराचा उंबरठा ओलांडला नाही. घरात घ्यायची, पाजायची, न्हाऊ घालायची. पण अंगणात उतरायचं म्हटलं की मी तिला मामीच्या हातात द्यायची. गावच्या माता मायच्या दर्शनाला तिला मामीनं नेलं. टोचायला मामीनं नेलं. शेजारणीनं एकदा तिला बोडीवर, गावच्या तळ्यावर, बदकं दाखवून आणली. मी दारातून बघत राहिले. पोरगी सहा महिन्यांची होत आली तशी ती रडली की हात मामीकडे करायला लागली. त्यात मामीचा काय दोष? बाहेर नेणारं माणूस मुलांना आवडतंच.

रोवणा जवळ येत होता. आमच्याकडे अंगावर पिणारं लेकरू आईसोबत बांधीवर जातं. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधतात, आई मधे मधे येऊन पाजते. मामीच्या पायाला तेव्हा वाताची ठसठस होती, तिला स्वतःलाच काठी लागायची. म्हणजे एक तर मी पोरीला घेऊन धुऱ्यावरून चालणार, नाहीतर रोवणाभर आम्ही दोघी घरात. आणि मग पोरगी चालायला लागेल, आणि मी तिला कुठेच नेलेली नसेन. मला हे सारखं दिसायचं.

असंच एका दुपारी मी न्हाणीच्या दगडावरून घसरले. हातात नुसता लोटा होता. मामाजी ओसरीवर अंबाडीची दोरी वळत बसले होते. ओसरी आणि मागची सांदवाडी यांच्या मधे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. मी उठून लुगडं पिळत होते तेवढ्यात त्यांचा आवाज आला. माझ्याशी नाही, मामीशी.

"हात टेकवला तिनं."

"तुमाले का दिसलं काय?" मामी म्हणाली.

"ऐकू आलं न. पहिले हात, मंग कोपर, मंग बूड. असंच पडत राह्यली तर दुसराही हात जाईन."

"मंग काय कराचं जी? पडणारं मानूस पडनच."

"पडू दे न. पन शिकून पडलं पाह्यजे. आखाड्यात नवं पोट्टं आलं की मी त्याले पहिले डाव नाई शिकवत. पहिले पडाले शिकवतो."

मामी हसली. "आता सून आखाड्यात धाडू का तुमच्या? लंगोट शिवतो तिले."

मी आत लाजून अर्धी झाले.  दोरी वळण्याचा आवाज चालू होता. मग मामाजी म्हणाले, "तणीस टाक सांदवाडीत."

अशी माझी तालीम सुरू झाली. दुपारी शेजारची गडीमाणसं झोपलेली असायची तेव्हा मामी सांदवाडीत तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, थर टाकायची आणि वर जुनी गोधडी. मामाजी तट्ट्याच्या पलीकडे पाठ करून दोरी वळत बसायचे. ते सांगायचे ते मला तिथल्या तिथे ऐकू यायचं. पण सुनेशी बोलायचं नाही म्हणून ते मामीला सांगायचे, आणि मामी मला परत सांगायची. मला काही विचारायचं असेल तर मी मामीच्या कानात, आणि मामी तट्ट्याकडे तोंड करून मोठ्यानं. दोन हातांवर तीन माणसं, आणि प्रत्येक वाक्य दोनदा.

"तिले सांग, उकिडवी बस."

"उकिडवी बस म्हन्तेत."

"हनुवटी छातीले लाव."

"हनुवटी लाव. नवरीसारखी. तुले जमते ते."

"अन् हात टेकवाचा नाई. अख्खा हात जमिनीवर आपटाचा, तळव्यापासून खांद्यापर्यंत, एकाच वक्ती."

हे मामीला नीट कळलं नाही. ती म्हणाली, "थांब, मी करून पाह्यतो." आणि पन्नाशीतली, पायात वात असलेली माझी सासू काष्टा खोचून तणसावर बसली आणि सरळ मागे कलंडली. तणीस उडालं. ती तशीच आभाळाकडे बघत पडून राहिली.

तट्ट्याआडून आवाज आला, "हे सून नाई पडली."

"मी पडलो," मामी म्हणाली.

"समजलं. पोतं पडल्यावानी वाजलं."

त्या दिवशी मी हसले ते पदरात तोंड खुपसून. पण हसल्यामुळे अंग सैल झालं असेल. मी पडले तेव्हा पहिल्यांदाच मनगटाला काही कळलं नाही.

मामाजींचं सगळं कानावर होतं. चुकीचं पडणं 'खट' वाजायचं, जमिनीवर नारळ पडल्यासारखं. म्हणजे हाड पहिलं लागलं. बरं पडणं 'फट्ट' वाजायचं, दगडावर धुणं आपटल्यासारखं. म्हणजे अंग पसरून लागलं. मी पडायची आणि थांबायची. पलीकडे दोरी थांबायची. मग ते म्हणायचे, "कोपर," किंवा "श्वास धरला." श्वास धरला तर पडताना माणूस मुका पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्यानं 'हुं' करायचं. मला सासऱ्याच्या इतक्या जवळ 'हुं' करायची लाज वाटायची. मग मामी माझ्याऐवजी करायची. मी पडायची, ती हुंकार द्यायची. तेही त्यांनी ओळखलं. "हुं सुनेचा पाह्यजे," म्हणाले, "तुझा नाई."

सगळ्यात जास्त त्यांनी शिकवलं ते वळणं. पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. खांद्यावर घे, वळ, पोटावर ये. हे ते मंत्रासारखं म्हणायचे. पैलवानाची पाठ मातीला लागली की तो चित, आणि चित झाला की कुस्ती गेली. पडलं तरी पोटावर पडावं, म्हणजे कुस्ती राहते. मला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. मी सांगतील तसं वळत होते. बसून, मग उभ्यानं, मग चालता चालता. शेवटी शेवटी मामी मला न सांगता मागून ढकलायची. मी फट्टकन पडून पोटावर यायची आणि तट्ट्याआडून काहीच ऐकू यायचं नाही, दोरी तशीच चालू राहायची. न बोलणं म्हणजे बरोबर.

"झालं आता," मामी एक दिवस म्हणाली. "घे पोरगी अन् चाल."

तिनं मुलीला माझ्या कडेवर दिलं. मी सांदवाडीच्या दारापर्यंत गेले. पलीकडे बैलांच्या पाण्याची ओल होती. पाय उचलला आणि तसाच धरून राहिले. शिकलेलं सगळं अंगात होतं, म्हणूनच मला नीट दिसलं काय होईल ते. मी दोन्ही हात मोकळे सोडीन. खांद्यावर वळीन. आणि पोटावर येईन. माझ्या पोटाशी पोरगी होती.

मी मागे फिरले आणि मामीच्या कानात सांगितलं.  मग तिनं तट्ट्याकडे बघून, नेहमीसारखं मोठ्यानं नाही, हळूच विचारलं, "जी, लेकरू काखेत असलं तर कसं पडाचं?"

दोरी थांबली.  मग मामाजी उठले, वहाणा घातल्या आणि बाहेर गेले.

पुढे काही दिवस तालीम झाली नाही. तणीस तसंच पडून होतं, कोंबड्या उकरायच्या. मामाजी जेवायला यायचे आणि न बोलता जायचे. मला वाटलं आपण काहीतरी भलतंच विचारलं. बापड्यांनी आयुष्यभर मोकळ्या हातांच्या माणसांना शिकवलं. आखाड्यात लेकरू घेऊन कोण येतं?

मामीला मात्र वेगळंच दिसत होतं. एका दुपारी ते दोरी घेऊन बसले तेव्हा ती तट्ट्यापाशी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्हाइत आहे तुमाले. सांगून नाई राह्यले तुमी."

"काय म्हाइत आहे?"

"पाठीवर पडाले लागते. पोटाशी लेकरू तर पाठच पुढं करावी लागन. अन् पाठीवर पडनं तुमच्या तोंडातून निघत नाई."

पलीकडे दोरीचा पीळ करकरला.

"चित होनं का तुमाले येत नाई? मंडईत झाले होते तवा म्या पाह्यलं न. या डोळ्यानं पाह्यलं."

मी चुलीपाशी होते.  दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, तिथे दंडारीची नाटकं होतात, कुस्त्या होतात. एका मंडईत मामाजींना एका बाहेरगावच्या पैलवानानं उचलून चित केलं होतं, आणि त्यानंतर ते स्वतः लढले नव्हते. एवढं मी उडत उडत ऐकलं होतं. पण ते घरात कुणी कधी काढत नसे. मामीनं ते असं काढलं, जसं डब्यातून मीठ काढावं.

 मग मामाजी बोलले. मामीशीच, पण सावकाश, एकेक शब्द वेगळा.

"त्यानं मले खांद्यावर घेतलं होतं. वरून मले दिसलं का आता वळता येत नाई. मंग म्या वळलो नाई. हनुवटी लावली. पाठ गोल केली, कढईच्या बुडासारखी. पहिले बूड, मंग कंबर, मंग पाठ, असा लोळत गेलो. डोकं लागू नाई देल्लं." थोडं थांबून म्हणाले, "लोकं बोंबलून राह्यले होते. पन मले काई लागलं नाई. कुठीच नाई. उठून चालत घरी आलो."

"आले होते," मामी म्हणाली. "अन् जेवले नाई."

"तिले सांग, चित व्हाचं. हात मोकळे नाई म्हनून आपटाचे नाई. दोनी हात लेकराभोवती. लेकराचं डोकं आपल्या हनुवटीखाली. आता पोटावर येवाचं नाई. पाठ लागू देवाची."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे सगळं पुन्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ऐकलं न?"

आम्ही जुन्या लुगड्यात धान बांधून पोरीच्या वजनाचं गाठोडं केलं. मामीनं त्याला पोरीची कुंची घातली, म्हणजे डोकं कुठे ते कळावं. आधीचं सगळं शिकणं आता आडवं यायला लागलं. पाय सुटला की अंग आपोआप वळायचं आणि गाठोडं खाली यायचं. मामी ओरडायची, "दबलं, लेकरू दबलं!" पलीकडून आवाज यायचा, "तिले सांग, वळू नको." ज्यांनी मला वळायला शिकवलं तेच आता रोज वळू नको म्हणत होते, आणि मला त्यांच्या आवाजावरून वाटायचं की त्यांनाही ते जड जातंय. हळूहळू अंगाला कळलं. गाठोडं माझ्या छातीवर राहायला लागलं. कुंची एकदाही तणसाला लागेनाशी झाली. तेव्हा मामीनं गाठोडं सोडून धान परत ढोलीत ओतलं.

पाऊस लागला, पऱ्हे वाढले, रोवणा सुरू झाला. त्या सकाळी मी मुलीला कडेवर घेतलं आणि उंबरठ्यावरून उतरले. मामी काठी टेकत मागून येत होती. शेजारच्या बायकांनी बघितलं, पण कुणी काही म्हटलं नाही, बहुतेक मामीनं डोळे वटारले असावेत. धुऱ्यावर चढले तेव्हा गुडघे ताठ होऊ लागले. मी ते सैल सोडले. पोरगी इकडे तिकडे बघत होती. तिला बगळे दिसले. ते मी तिला दाखवले, मीच.

एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडायला धुरा फोडलेला असतो. तिथे ढांग टाकावी लागते. पुढचा पाय पलीकडे पडला आणि मागचा गेला.

विचार करायला वेळ नव्हता. पोरीचं डोकं हनुवटीखाली आलं, दोन्ही हात तिच्याभोवती मिटले, आणि मी वळले नाही. बूड, कंबर, पाठ. माझ्या तोंडातून 'हुं' निघाला, मोठा, सगळ्या बांध्यांवर ऐकू जाईल एवढा. मग मी चिखलात उताणी होते आणि वर आभाळ होतं आणि छातीवर पोरगी होती. तिच्या नाकावर चिखलाचा एक थेंब उडाला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग शिंकली.

बायका धावल्या. "अवं माय, पडली! लेकरू पाह्य, लेकरू!" एकीनं मुलीला घ्यायला हात पुढे केले. मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या पदराची मूठ आणखी घट्ट धरली. मीही दिली नाही. तशीच उठले.

मामाजी शेजारच्या बांधीत चिखलणी करत होते, आमच्याकडे पाठ करून. एवढा आरडाओरडा झाला तरी ते वळले नाहीत. फक्त त्यांनी बैल थांबवले होते. कासरा हातात धरून, मान थोडी एका बाजूला करून ते उभे होते. मग त्यांनी जिभेनं टक्क केलं आणि बैल पुढे चालले.

मी मोहाच्या झाडाला झोळी बांधली, पोरीला त्यात ठेवलं आणि बांधीत उतरले. दिवसभर रोवलं. मधे मधे धुऱ्यावरून जाऊन तिला पाजत होते. आणखी एकदा घसरले, पण तेव्हा पडले नाही.

संध्याकाळी मामाजी ओसरीवर हातपाय धुऊन बसले. मी आत भाकरी थापत होते. मुलगी माझ्या मांडीला टेकून बसली होती.

"तिले सांग," तट्ट्याआडून आवाज आला, "मान चांगली राखली."

"मान चांगली राखली म्हन्तेत," मामी म्हणाली.

"पन पानी दोनदा वाजलं. एक पाय मागून पडला. काऊन?"

मामीनं माझ्याकडे बघितलं. मी मामीच्या कानात सांगितलं. मामी तट्ट्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "पोरीनं लाथ मारली म्हन्ते, बगळा पाहून."

 पलीकडून मामाजी हसल्याचा आवाज आला. त्यांचं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मुलीनं भाकरीच्या पिठातला हात बाहेर काढला आणि आवाज कुठून येतो ते बघत राहिली.

"उद्या तणीस टाका," मामाजी म्हणाले. "लाथा मारणारं लेकरू असलं तर कसं, ते पाहून घेऊ."